‘ते काहीही खातात’ म्हणणाऱ्या मुलांसाठी: ज्वारी, जोलोफ आणि तीन संध्याकाळी

वाचकाचं पत्र: “आमची सोसायटी पुण्यात आहे, साठ फ्लॅटची. दोन फ्लॅट विद्यार्थ्यांना भाड्यानं दिलेत. एकात नायजेरियाचे तिघं, दुसऱ्यात सुदानचे दोघं. त्यांचा कुणाला काही त्रास नाही. तरी आमची आठवी ते दहावीची मुलं त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरत नाहीत, पाठीमागे ‘हबशी’ म्हणून हसतात. परवा माझाच मुलगा जेवताना म्हणाला, ‘आई, ते काहीही खातात.’ सुट्टीत मुलांसाठी ‘देशोदेशीची चव’ असा कार्यक्रम करायचं माझ्या मनात आहे. बारा मुलं, प्रत्येकाला एक देश, एक झेंडा, एक पोशाख, एक पदार्थ. कमिटी क्लबहाउस देतेय, पण पदार्थ शाकाहारीच हवेत म्हणते. यातून मुलांना भेदभाव म्हणजे काय ते कळेल का? आणि त्या विद्यार्थ्यांना बोलवावं का?” – एक आई, पुणे

ताई,

बारा देशांचा बेत सोडून द्या. बारा झेंडे, बारा ताटल्या, भरपूर फोटो आणि शेवटी इटलीच्या पास्त्याला पहिलं बक्षीस, एवढंच त्यातून निघेल. ज्याच्या चिठ्ठीत नायजेरिया येईल त्याला बाकीचे चिडवतील ते वेगळंच.

पदार्थ आवडणं आणि तो करणारा माणूस शेजारी चालणं, यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर मोमो मिळतात, मुलं ते आवडीनं खातात. त्यातलीच काही मुलं मणिपूरच्या मुलीला बघून ‘चिंकी’ म्हणतात. अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो शहरात १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. एका काउंटरवर त्यांनी किरकोळ सामान घेतलं, पैसे दिले. कुणी हरकत घेतली नाही. मग त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर स्टुलांवर बसून त्यांनी कॉफी मागितली. ती मिळाली नाही, कारण ती स्टुलं गोऱ्यांची होती. त्यांचे पैसे चालत होते, त्यांचं बसणं चालत नव्हतं. दुकान बंद होईपर्यंत ते बसून राहिले, दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले आणि जुलैच्या अखेरीस तो काउंटर सर्वांना खुला झाला. हा प्रसंग मुलांना सांगा आणि विचारा, आपल्या सोसायटीत ते स्टूल कोणतं? ‘लिफ्ट’ असं कुणीतरी म्हणेलच. तुम्ही म्हणू नका.

देश दोनच घ्या, तुमच्या जिन्यात राहणारे. तीन संध्याकाळी, दोन-दोन तासांच्या. पहिली फक्त मुलांची, सुदानचा किसरा करायची. दुसरी पाहुण्यांबरोबर, नायजेरियाच्या जोलोफ भाताची. तिसरी स्वयंपाकाविना, वह्या-पेन घेऊन. मध्ये एकेक आठवडा जाऊ द्या. त्या आठवड्यांत मुलं लिफ्टनं ये-जा करणार असतात, आणि खरा अभ्यास तिथेच होतो.

पहिली संध्याकाळ

टेबलावर ज्वारी, बाजरी आणि नाचणीच्या वाट्या ठेवा आणि विचारा, यातलं अस्सल आपलं धान्य कोणतं? तिन्हींसाठी हात वर होतील. मग नकाशा उघडा. ज्वारीची शेती प्रथम झाली ती आजच्या सुदानच्या भागात, साधारण पाच हजार वर्षांपूर्वी. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली, सहाराच्या दक्षिणेच्या पट्ट्यातली. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. तिन्ही धान्यं काही हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे आली आणि इथलीच होऊन गेली. चिंचेचं झाडही मूळचं आफ्रिकेतलं. अरबांनी तिला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्तानी खजूर, म्हटलं आणि सगळ्या जगाचा गैरसमज झाला. ‘काहीही’मधलं बरंचसं आपल्याच ताटात आहे, हे मुलांपैकी कुणीतरी आपणहून बोलून दाखवेल. थोडी वाट बघा. तुमच्या तोंडून आलं की त्याचं प्रवचन होतं.

मग किसरा. आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाचा कागदासारखा पातळ पापुद्रा. घावनाचा चुलतभाऊ म्हणा, पण घावनाहून पातळ आणि चवीला आंबूस. बारा मुलांना प्रत्येकी एक-दोन करता येतील एवढं पीठ असं भिजवा: ज्वारीचं पीठ ४०० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, डोशाचं आंबलेलं पीठ ३ मोठे चमचे, पाणी ७०० मिली. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कणीक. सुदानी घरांतही हल्ली थोडा गहू मिसळतात, तेव्हा ही काही लबाडी नव्हे. आदल्या रात्री भिजवा. मे महिन्यात दहा-बारा तास पुरतात, पावसाळी हवेत सोळा. वर बारीक बुडबुडे दिसले आणि आंबिलीसारखा वास आला की झालं. गुलाबी किंवा काळे ठिपके दिसले तर सगळं फेकून द्या, वरचं काढून खालचं वापरू नका. अर्धा चमचा मीठ घाला आणि पाणी घालून पळीतून दाट ताकासारखं पडेल इतकं सैल करा.

सुदानमध्ये हे पीठ तापलेल्या सपाट तव्यावर खजुरीच्या पानाच्या पट्टीनं ओढतात. तुम्ही प्लास्टिकचं स्वच्छ धुतलेलं कार्ड घ्या. आजकाल तिकडेही अनेकजणी तेच वापरतात. नॉनस्टिक तवा मध्यम आचेवर तापवा, तेलाचा बोळा फिरवा, अर्धी पळी पीठ एका कडेला ओता आणि कार्ड जवळपास आडवं धरून एका झटक्यात दुसऱ्या कडेपर्यंत ओढा. पाऊण मिनिटात कडा आपोआप सुटते. बोटांनी उचला. उलटायचं नाही.

तवा फार तापला तर पीठ जागच्या जागी आळतं आणि कार्डाला गोळे चिकटतात. पाण्याचा हबका मारा, आच कमी करा, अर्धं मिनिट थांबा. तवा गार असेल तर किसरा सुटतच नाही. पीठ दाट झालं तर आंबोळी होते. खायला छान, पण तो किसरा नव्हे. पापुद्र्याला तडे जात असतील तर दोष पिठाचा आहे. दळून महिना झालेल्या ज्वारीच्या पिठाची विरी गेलेली असते, त्याची धड भाकरीही होत नाही. आदल्या दिवशी दळून आणा. पहिले तीन वाया जाणार हे मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘यांचं कसलं हे खाणं’ हे वाक्य तिथेच जन्माला येतं. हाताची सफाई नसली की पदार्थाला नाव ठेवणं सोपं असतं.

सोबत दकवाची सुदानी कोशिंबीर करा. दकवा म्हणजे दाण्याचं लोणी. चार टोमॅटो, दोन काकड्या आणि एक कांदा बारीक चिरा. चार मोठे चमचे बिनसाखरेचं पीनट बटर दोन लिंबांच्या रसात आणि थोड्या पाण्यात सैल करून त्यात कालवा. मीठ, हिरवी मिरची. दाण्याच्या कुटाची कोशिंबीर खाऊन वाढलेल्या मुलांना ती परकी वाटायची नाही. दाण्याची अॅलर्जी कुणाला आहे का, ते आधी पालकांना विचारा.

आंबलेल्या पिठाचं झाकण उघडलं की एखादं पोर ‘ई!’ म्हणून नाक धरेल. रागावू नका, तुम्हाला तेच हवंय. त्याच क्षणी हिंगाची डबी उघडून सगळ्यांच्या नाकाखाली फिरवा. आपल्याला या वासानं वरण-आमटी आठवते. जर्मन भाषेत हिंगाचं एक जुनं नाव आहे, त्याचा अर्थ सैतानाची विष्ठा. मुलं हसतील. हसू ओसरलं की इंग्लंडमधली ही घटना सांगा. केंट परगण्यात शेकडो घरांचा मालक असलेल्या एका माणसानं आपल्या एजंटला लेखी कळवलं की गोरे नसलेले भाडेकरू नकोत, ते घर सोडून गेल्यावर करीचा वास राहतो. तिथल्या समानता आणि मानवी हक्क आयोगानं त्याला कोर्टात खेचलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये कोर्टानं असा नियम लावायला त्याला मनाई केली.

इथे थांबा आणि मुलांना एकच प्रश्न वहीत लिहायला द्या: नाक धरणं आणि घर नाकारणं, यात फरक काय? दहावीच्या मुलांना तो सुचतो. वास न आवडणं हे नाकाचं काम आहे. वासावरून माणसाबद्दल मत करून घेणं हा पूर्वग्रह. त्या मतामुळे समोरच्याचं घर, नोकरी, बाकावरची जागा, लिफ्टमधला एक मजला, असं काहीतरी जातं तेव्हा तो भेदभाव. ‘कुणाचं काय गेलं?’ हा प्रश्न पुढच्या दोन्ही संध्याकाळी हाताशी राहू द्या. व्याख्येपेक्षा तो जास्त कामाला येतो.

शाकाहाराची अट

अट पाळा, पण तिच्याबद्दल गप्प बसू नका. पाहुण्यांना निमंत्रणातच कळवा की हॉलमध्ये मांस-मासे चालत नाहीत. ऐन वेळी दारात कळणं वाईट. मुलांसमोर ‘शुद्ध शाकाहारी’ म्हणू नका, नुसतं शाकाहारी म्हणा. एखाद्या मुलानं ‘शुद्ध’ म्हटलं तर विचारा, मग बाकीचं काय आहे? तुमच्या सोसायटीत मासे खाणारी मराठी घरं असतीलच. मुंबईत अशांनाही केवळ खाण्यावरून घर नाकारलं जातं, हे मुलांनी ऐकलेलं असतं. ‘काहीही खातात’ हे वाक्य आपल्यालाही कुणीतरी म्हणतं, हे कळायला नायजेरियापर्यंत जावं लागत नाही.

दुसरी संध्याकाळ

जोलोफ हा पश्चिम आफ्रिकेतला टोमॅटो-मिरचीचा लाल भात. नाव आलं सेनेगलमधल्या जोलोफ या जुन्या राज्यावरून. सेनेगलच्या माशाच्या भाताला, थिबूजेनला, २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. पण खरा जोलोफ कुणाचा यावरून नायजेरिया आणि घाना यांची खडाजंगी कायम चालू असते. नायजेरियाला लांब दाण्याचा उकडा लागतो, घानाला सुवासिक तांदूळ. मिसळ पुण्याची की कोल्हापूरची, तसंच ते. मुलांना हा वाद पाहुण्यांपाशी काढू द्या. आफ्रिकेत चोपन्न देश आहेत हे पाठ करून विसरलेलं असतं. घानाचं नाव काढल्यावर नायजेरियन माणूस कसा उसळतो, हे विसरत नाही. आणि म्हणूनच सुदानच्या दोघांना ‘तुमचा जोलोफ’ म्हणू नका. त्यांच्यासाठीही तो परदेशी पदार्थ आहे.

मुलांचे चार-चारचे तीन गट, प्रत्येक गटाला एक पातेलं. एका पातेल्याला:

सेला बासमती ५०० ग्रॅम; टोमॅटो ४०० ग्रॅम; लाल सिमला मिरची २; ताजी लाल मिरची १ किंवा २; कांदे २; तेल १०० मिली; टोमॅटो पेस्ट ३ मोठे चमचे (केचप नव्हे, त्यात साखर असते); करी पावडर दीड चहाचा चमचा; सुकं थाईम १ चहाचा चमचा; तमालपत्र १; हिरव्या ठिपक्याचे स्टॉक क्यूब २; गरम पाणी ६०० मिली. क्यूब खारट असतात, म्हणून मीठ शेवटी.

तांदळाबाबत हट्ट धरा. सेला आधीच उकडून वाळवलेला असतो, त्यामुळे दाट रश्श्यात शिजतानाही दाणा फुटत नाही. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर घेतलात तर खिमट होईल. कोकणातला जाडा उकडा पेजेला उत्तम, इथे नको. तमालपत्राची एक गंमत सांगण्यासारखी आहे. नायजेरियन पाककृतीतलं ‘बे लीफ’ वेगळ्या झाडाचं. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, वास जास्त गोडसर, म्हणून दोनाऐवजी एकच घाला. आणि क्यूबवर ‘मॅगी’ हे नाव दिसलं तर मुलं विचारतील, नूडल्स कुठे? नायजेरियात मॅगी म्हटलं की हा मसाल्याचा चौकोनच डोळ्यांसमोर येतो.

टोमॅटो, सिमला मिरची, लाल मिरची आणि एक कांदा पाणी न घालता मिक्सरमधून काढा. ही प्युरी पातेल्यात पंधरा मिनिटं उकळून निम्मी आटवा. दुसऱ्या जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून उरलेला कांदा उभा चिरून परता, टोमॅटो पेस्ट घाला आणि ती विटकरी रंगाची होईपर्यंत पाचेक मिनिटं परता. मग आटवलेली प्युरी घाला आणि तेल सुटेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं परता. करी पावडर, थाईम, तमालपत्र, कुस्करलेले क्यूब, गरम पाणी. उकळी आली की चार पाण्यांनी धुतलेले तांदूळ घाला आणि एकदाच हलवा. रस्सा तांदळाच्या पातळीला हवा, वर बोटभर नको. पातेल्यावर अॅल्युमिनियम फॉइल घट्ट बसवा, वर झाकण, आच अगदी मंद. वीस मिनिटांनी एकदा उघडून खालचा भात हलक्या हातानं वर आणा, परत झाका, आणखी दहा-पंधरा मिनिटं. शेवटी तीन मिनिटं आच मोठी करा. तळाला किंचित लागतो आणि धुराचा वास वर येतो. तिकडे लग्नात लाकडावर शिजलेल्या भाताला हाच वास असतो, आणि त्याच्यासाठीच लोक दुसऱ्यांदा वाढून घेतात.

भात आंबट-कच्चा लागला तर टोमॅटो पुरेसा परतलेला नाही. मुलं कंटाळून तेल सुटण्याआधीच पाणी ओततात, ही नेहमीची चूक. वरचा दाणा कडक राहिला तर पाव वाटी गरम पाण्याचा शिपका मारून फॉइलखाली आणखी सात-आठ मिनिटं. गिच्च झाला तर त्याला औषध नाही, पाणी मोजलं नव्हतं. बूड जास्त लागलं तर खरवडू नका, वरचा भात दुसऱ्या भांड्यात काढा.

करी पावडर बघून ‘हा तर आपला मसाला!’ असं कुणीतरी म्हणेल. म्हणू द्या, आणि विचारा, तो तिथे पोचला कसा? इंग्रजांनी हिंदुस्तानातल्या मसाल्यांची एकच पूड करून तिला ‘करी’ म्हटलं, डब्यात भरली आणि आपल्या साम्राज्यभर विकली. नायजेरियाही त्यांच्याच ताब्यात होता, १ ऑक्टोबर १९६० पर्यंत. टोमॅटो आणि मिरची मात्र तिकडेही आणि आपल्याकडेही आली अमेरिका खंडातून.

ही कृती हाताशी असू द्या, पण पातेल्यावर हुकूम पाहुण्यांचा. ते म्हणाले थाईम जास्त, तर जास्त. मुलांनी चिरायचं, धुवायचं, ढवळायचं आणि विचारायचं. पंचवीस वर्षांच्या माणसाकडून शिकताना पंधरा वर्षांचा मुलगा आपोआप ‘दादा, आता?’ म्हणतो; एवढ्यासाठी तरी मोठ्या बायकांनी त्या वेळी स्वयंपाकात हात घालू नये.

प्रश्न आदल्या दिवशी मुलांकडून लिहून घ्या आणि वाचा. ‘तुमच्या शहरात पावसाळा कधी असतो’, ‘घरी कोणती भाषा बोलता’ हे चांगले प्रश्न. नायजेरियात पाचशेहून जास्त भाषा आहेत, त्यामुळे तिघांची उत्तरं वेगळी येऊ शकतात. ‘तुमच्याकडे सिंह असतात का’ खोडा. ‘तुमचे केस खरे आहेत का’ खोडा, आणि केसांना हात लावायचा नाही हे स्पष्ट सांगा. ही मुलं सहज हात पुढे करतात. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू आहे. घरच्यांचा विषय पाहुण्यांनी काढला तर ऐकायचं, आपण काढायचा नाही. फोटो विचारून, आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याआधी पुन्हा विचारून.

‘हबशी’ हा शब्द त्या दिवशी नको, त्याच्या आधीच हाताळा. अरबीत इथिओपियाच्या मुलखाला हबश म्हणतात, तिथला तो हबशी. मलिक अंबर असाच तिकडून गुलाम म्हणून विकला जात दख्खनेत आला, निजामशाहीचा वजीर झाला, मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवलं आणि १६१० मध्ये खडकी वसवली. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. त्याच्या काळातल्या नहरींचे अवशेष आजही तिथे बघता येतात. पुस्तकात ज्याला मान, जिन्यात त्याच शब्दानं हसू. हे मुलांना खटकतं, कारण मलिक अंबरवरचे मार्क त्यांनी मिळवलेले असतात.

तिसरी संध्याकाळ

ही सर्वांत अवघड, आणि बहुतेक ठिकाणी हीच रद्द होते. करून घ्या.

आधी ग्रेटर नोएडाची गोष्ट सांगा. मार्च २०१७ मध्ये तिथे बारावीतला एक मुलगा दगावला. शेजारी राहणाऱ्या नायजेरियन विद्यार्थ्यांवर लोकांनी संशय घेतला, आणि त्यात हे लोक माणसं खातात अशी अफवाही होती. पोलिसांनी पकडलेल्या विद्यार्थ्यांना पुराव्याअभावी सोडलं. त्यानंतर निघालेल्या मोर्चाच्या वेळी आफ्रिकन विद्यार्थ्यांना गाठून मारहाण झाली, एका मॉलमध्येही. ‘काहीही खातात’पासून तिथपर्यंत किती पायऱ्या आहेत, ते मुलांना फळ्यावर काढू द्या. कुठल्या पायरीवर कोण थांबवू शकलं असतं, हेही. तुमचा मुलगा समोर असेल. त्याचं नाव घेऊ नका, त्याच्याकडे बघूही नका.

मग महाड. चवदार तळं नगरपालिकेचं. अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे खुले करावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेनंही तो मान्य केला. तरी पाणी मिळत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो सत्याग्रहींनी तळ्याचं पाणी प्यायलं. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला आणि सनातन्यांनी तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. ‘शुद्ध’ या शब्दावर तुम्ही आधी का अडलात ते मुलांना इथे कळेल. नायजेरियावर बोलणारी आणि जातीवर गप्प बसणारी संध्याकाळ अर्धवट असते. काही मुलांनी घरी हे ऐकलेलं असेल, काहींनी नसेल. कुणालाही त्याची जात विचारू नका, कुणी आपणहून बोललं तर मध्ये तोडू नका.

संविधानाची प्रत आणा. कलम १५ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई करतं, आणि त्याच्या दुसऱ्या भागात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव यांचा नावानिशी उल्लेख आहे. महाड वाचून झालेल्या मुलांना तो का, हे सांगावं लागत नाही. पण एक बारीक गोष्ट दाखवा: कलम १५ ‘नागरिकां’बद्दल बोलतं, कलम १४ मात्र ‘कोणत्याही व्यक्ती’बद्दल. मग आपले पाहुणे कुठे बसतात? पंधराव्या वर्षी असल्या प्रश्नावर तासभर भांडता येतं. भांडू द्या.

शेवटचा अर्धा तास कागद-पेन्सिल घेऊन सोसायटीत फिरा. भाडेकरूंसाठी वेगळा नियम कुठे लावलाय? गेटवर कुणाची नोंदवही वेगळी आहे? विद्यार्थ्यांना भेटायला येणाऱ्यांना रात्री नऊनंतर अडवत असतील, तर तसं इतरांच्या पाहुण्यांना अडवतात का? मुलांना एकच गोष्ट निवडून कमिटीला पत्र लिहू द्या. दहा मागण्यांचं पत्र फाइलमध्ये जातं. एका मागणीला सेक्रेटरींना हो किंवा नाही म्हणावंच लागतं. नाही म्हणाले तर कारण लेखी मागायचं, हेही मुलांनीच.

तुमच्या मुलाचं ते वाक्य कुठून आलं, हे मात्र कार्यक्रमाआधी घरात शोधा. अशी वाक्यं बहुधा मोठ्यांच्या ग्रुपवरून खाली येतात. पुढच्या वेळी तो बोलला तर ‘असं बोलू नये’ म्हणू नका. ‘काय खाताना बघितलंस?’ एवढंच विचारा.

आता निमंत्रण. हो, बोलवा, पण एका महिन्याआधी, परीक्षा आणि रमजान बघून. मेसेज ग्रुपवर नको. स्वतः जा, बेल वाजवा, मुलाला बरोबर न्या. म्हणा: “मी चौथ्या मजल्यावरची. आमच्या मुलांना जोलोफ करायला शिकायचंय. तुमच्यापैकी कुणी शिकवाल का? सामान आम्ही आणू. हॉलमध्ये मांस-मासे चालत नाहीत. दोन तास लागतील. जमत नसेल तर हरकत नाही.” पैशांचं पाकीट देऊ नका. विद्यार्थी व्हिसावर कामाची परवानगी नसते, त्यांना उगाच अडचण. उरलेला तांदूळ आणि मसाले त्यांच्या घरी पोचवा, आणि पुढच्या महिन्यात त्यांना तुमच्या घरी जेवायला बोलवा, कार्यक्रम-बिर्यक्रम काही न ठेवता.

ते नाही म्हणाले तर पुन्हा विचारू नका, आणि मुलांसमोर त्याची कारणं शोधत बसू नका. जोलोफ तुम्हीच करा, वरच्या कृतीनं जमतो. एक डबा त्यांच्या दारात द्या आणि तिखट कमी पडलं का ते विचारा.